फिलिप फायलेचे नाव पत्रिकेवर छापा

(उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे पदाधिकारी, कार्यक्रम समित्या आणि मराठी शाळांचे संचालक यांना खुले पत्र)



२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेचे अडीचशेवे वर्ष. चार जुलैची मिरवणूक असो, पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन असो की गणेशोत्सवातला सांस्कृतिक कार्यक्रम, यंदा आपली मुले कुठल्या ना कुठल्या मंचावर या देशाची गाणी म्हणणार, वाजवणार. त्या कार्यक्रमांची आखणी आपल्याकडे आहे. पत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे आणि कोणाचे नाही, हेही आपणच ठरवता. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

माझी मागणी एका माणसासाठी आहे. त्याचे नाव फिलिप फायले. जर्मनीहून आलेला व्हायोलिनवादक. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क इथल्या नाट्यगृहांत तो वाद्यवृंद सांभाळत असे. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, त्या सुमारास फायलेने त्याच्या सन्मानार्थ एक धून बांधली, 'प्रेसिडेंट्स मार्च'. नऊ वर्षांनी तिच्यावर शब्द बसवले गेले आणि 'हेल कोलंबिया' हे गाणे तयार झाले. १९३१ मध्ये 'स्टार-स्पँगल्ड बॅनर'ला कायद्याने राष्ट्रगीताचा दर्जा मिळाला. त्याआधी सव्वाशेहून अधिक वर्षे ज्या मोजक्या गाण्यांनी राष्ट्रगीताची जागा भरून काढली, त्यांत हे गाणे अगदी पुढे होते. आजही अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष समारंभाला आले की ढोल-बिगुलाच्या चार सलाम्या होतात आणि मग लष्करी बँड हीच धून वाजवतो. कमला हॅरिस उपराष्ट्राध्यक्ष होत्या तेव्हा त्यांच्या स्वागतालाही तीच वाजत असे. त्यांची आई मद्रासहून इथे शिकायला आलेली. एका परक्या मुलखातून आलेल्या माणसाची चाल, आणि तिच्या तालावर पुढे येणारी दुसऱ्या परक्या मुलखातून आलेल्या बाईची लेक. आपल्या घरांत ही गोष्ट किती जणांनी सांगितली असेल?

आपण सगळे इथे बाहेरून आलो. कोणी शिष्यवृत्तीवर आले, कोणी नोकरीवर, कोणी मुलांच्या मागोमाग. म्हणून फायलेची हकीकत आपण कान देऊन ऐकावी असे मला वाटते.

तो ज्या पेनसिल्व्हेनियात वावरला, तिथे जर्मन माणसे थोडीथोडकी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रांताच्या लोकसंख्येतला सुमारे तिसरा हिस्सा जर्मन वंशाचा होता. तरी त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या शहाण्या माणसाने १७५१ मध्ये लिहिलेल्या निबंधात तक्रार केली होती की हे लोक आपली भाषा आणि चालीरीती सोडणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून टाकतील. आपल्याविषयी असेच काही कोणी बोलले की आपण दुखावतो. ते बोल फिलाडेल्फियात अडीचशे वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाला ऐकावे लागले होते. १७६४ मध्ये इथल्या जर्मनांनी नव्याने बोटीतून उतरणाऱ्या आपल्या गरीब बांधवांना मदत करण्यासाठी 'जर्मन सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनिया' स्थापन केली. ती संस्था अजून चालू आहे. आपली मंडळे त्याच वाटेने पुढे निघाली आहेत, असे मी मानते.

फायलेचा माग अभ्यासकांना लागतो तो मुख्यतः नाटकांच्या आणि मैफलींच्या जाहिरातींतून. त्या काळच्या नाटक कंपनीत संगीताचा पसारा मोठा होता. मुख्य नाटकाआधी वादन, अंकांमध्ये वादन, शेवटी एखादे छोटे संगीत प्रहसन. वरच्या स्वस्त जागांवरचे प्रेक्षक ओरडून आपल्या आवडीच्या चाली मागत आणि वादकांना त्या वाजवाव्या लागत. वाद्यवृंदाचा म्होरक्या हातात व्हायोलिन घेऊनच सगळ्यांना सांभाळी. फायले हे काम 'ओल्ड अमेरिकन कंपनी'साठी करी. पेनसिल्व्हेनियात तर मार्च १७८९ पर्यंत नाटकांवर कायद्याने बंदीच होती. कंपन्या 'मैफल' किंवा 'नीतिपर व्याख्यान' अशा नावांखाली खेळ लावून दिवस काढत. अशा धंद्यात पोट भरणाऱ्या वादकाची मिळकत किती बेभरवशाची असेल, हे सांगायला नको. वर्षातून एखादा बेनिफिटचा खेळ, म्हणजे ज्याचे उत्पन्न त्या कलावंताला मिळे असा खेळ, आपल्या नावाने लागला, त्याची तिकिटे खपली, तर चार पैसे गाठीला. बेनिफिटचा खेळ म्हणजे काय, हे संगीत नाटकांच्या दिवसांत वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना समजावून सांगावे लागले नसते.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये वॉशिंग्टनने शपथ घेतली. शपथविधीला जाताना ट्रेंटनच्या पुलावर त्याचे स्वागत झाले आणि तिथे पहिल्यांदा ही धून वाजली, अशी एक आख्यायिका पुढे रूढ झाली. मला ती पटत नाही. त्या स्वागतात मुलींनी आणि स्त्रियांनी गाणे म्हटल्याची नोंद आहे, ते गाणे वेगळे होते. त्यापेक्षा वॉशिंग्टनच्या घरात वाढलेल्या कस्टिसची आठवण मला अधिक खरी वाटते. हा वॉशिंग्टनच्या पत्नी मार्थाबाईंचा नातू. त्याने पुढे लिहून ठेवले की राष्ट्राध्यक्ष नाट्यगृहात आले की ही धून वाजे, आणि ती वाद्यवृंदाच्या जर्मन म्होरक्याने त्यांच्या सन्मानार्थ रचली होती. न्यूयॉर्कचे जॉन स्ट्रीट थिएटर तेव्हा राजधानीतले नाट्यगृह होते आणि वॉशिंग्टनला नाटकाचा शौक होता. राजा नसलेला हा नवा देश. त्याच्या प्रमुखाचे स्वागत कसे करायचे याचा रिवाज ठरायचा होता; त्याला काय म्हणून हाक मारायची यावरही सिनेटमध्ये वाद झडत होता. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष आत आल्यावर कोणते सूर उमटावेत, हे रंगमंचापुढे बसलेल्या एका स्थलांतरिताने ठरवून टाकले. माझ्या दृष्टीने हे त्याचे खरे मोठेपण.

चाल साधी आहे. आपल्या कानाला बिलावल थाटाच्या जवळची, चार मात्रांच्या ठेक्यात सरळ चालणारी. पेटीवर बसवायला अवघड नाही आणि केरव्यात मुलांना सहज झेपेल. थोर संगीतरचना म्हणून तिची शिफारस मी करणार नाही. पण ती एकदा ऐकली की डोक्यात राहते आणि पायांना चालायला लावते. लष्करी धुनेकडून याहून अधिक काही मागायचे नसते.

पुढे राजधानी फिलाडेल्फियाला हलली. १७९३ च्या उन्हाळ्यात शहरात पीतज्वराची साथ आली. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांतले सुमारे पाच हजार लोक मेले. ज्यांना शक्य होते ते पळाले. वॉशिंग्टन सप्टेंबरमध्ये माउंट व्हर्ननला गेला. ताप डासांनी पसरतो हे कळायला अजून शंभर वर्षे जायची होती. डॉक्टर बेंजामिन रश रोग्यांचे रक्त काढत होता, रेच देत होता. मागे राहिले ते गरीब, कारागीर, नोकर, आणि ज्यांना जायला दुसरे गाव नव्हते असे बाहेरून आलेले लोक. अॅब्सॉलम जोन्स आणि रिचर्ड अॅलन यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या कृष्णवर्णीयांनी घरोघर जाऊन शुश्रूषा केली, प्रेते उचलली. बुश हिलच्या रुग्णालयाचा कारभार स्टीफन जिरार्ड या फ्रान्समधून आलेल्या व्यापाऱ्याने आपणहून अंगावर घेतला. त्याच साथीत फिलिप फायले गेला.

इथे एक गोष्ट मनाला लागून राहते. चेस्टनट स्ट्रीटवर एक नवे देखणे नाट्यगृह त्याच वर्षी बांधून तयार झाले होते. साथीमुळे त्यातली नाटके रखडली. इंग्लंडहून आणलेले नटनट्या शहरात येऊ शकले नाहीत आणि पहिला नाट्यप्रयोग १७९४ च्या फेब्रुवारीत झाला. तोवर फायले या जगात नव्हता. आणि याच रंगमंचावर २५ एप्रिल १७९८ च्या रात्री त्याची चाल साऱ्या देशाची झाली.

त्या वसंतात फ्रान्सशी युद्ध होणार अशी हवा होती. गिल्बर्ट फॉक्स नावाच्या गायक नटाचा बेनिफिटचा खेळ जवळ आला होता आणि तिकिटे खपत नव्हती. 'प्रेसिडेंट्स मार्च'वर देशभक्तीचे शब्द बसले तर गर्दी होईल, हे त्याला ठाऊक होते. कंपनीतल्या कवींना मात्र ते जमेना. मग तो आपल्या शाळेतल्या ओळखीच्या वकिलाकडे, जोसेफ हॉपकिन्सनकडे गेला. हॉपकिन्सनने एका दिवसात गाणे लिहून दिले. ना फ्रान्सची बाजू, ना इंग्लंडची. दोन्ही पक्षांना म्हणता येईल असे. नाट्यगृह भरले, गाणे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्सची पत्नी अॅबिगेल त्या रात्री प्रेक्षकांत होती आणि लगोलग तिने बहिणीला पत्रातून सगळी हकीकत कळवली. पाच वर्षांपूर्वीच इंग्लंडहून आलेल्या बेंजामिन कार याने काही दिवसांत गाण्याची छापील प्रत बाजारात आणली. हॉपकिन्सन पुढे काँग्रेसचा सदस्य झाला, न्यायाधीश झाला. गाण्यासाठी त्याची वाहवा आयुष्यभर होत राहिली. चालीचा कर्ता पाच वर्षांपूर्वी वारलेला होता. त्याच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.

पुढचे दोन महिने आपण नीट पाहावेत. गाणे गावोगाव पोचत होते, आणि १८ जून १७९८ रोजी नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. नागरिक होण्यासाठी पाच वर्षे राहावे लागे, ती मुदत चौदा वर्षांवर नेली. २५ जूनला परकीयांचा कायदा आला. धोकादायक वाटेल त्या परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. सही जॉन अॅडम्सची. ज्या पक्षाच्या सभांत ही धून टाळ्यांच्या कडकडाटात वाजत होती, त्याच पक्षाने हे कायदे केले. परक्याची चाल हवी होती, परका नको होता. तो नागरिकत्वाचा कायदा १८०२ मध्ये मागे घेतला गेला, हे सांगणेही न्यायाचे आहे. व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभी असलेली आपल्यातली तरुण जोडपी ही हकीकत ऐकतील तेव्हा त्यांना कोणी अर्थ समजावून सांगायची गरज पडणार नाही.

कोणी म्हणेल, १७९० च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त गोऱ्यांना मिळे. फायलेला मिळू शकले असते, आपल्या पणजोबांना नसते. खरे आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ते नाकारले, १९४६ मध्ये दार किलकिले झाले आणि १९६५ नंतर उघडले. हा फरक मुलांपासून लपवू नये. दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र सांगता येतात, आणि तशाच सांगायला हव्यात.

फायलेचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते जाहिराती, जुन्या छापील प्रती आणि आठवणी पडताळून पाहणाऱ्या अभ्यासकांमुळे. त्यांत सर्वांत मोठे ऋण ऑस्कर सोनेकचे. हा लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संगीत विभागाचा पहिला प्रमुख. 'हेल कोलंबिया' आणि इतर तीन राष्ट्रीय गाण्यांवरचा त्याचा अहवाल १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या चालीचा कर्ता म्हणून रोथ नावाच्या दुसऱ्या जर्मन वादकाचेही नाव घेतले जात असे. सोनेकने दोन्ही दावे तपासले आणि पारडे फायलेकडे झुकले. पत्रिकेवर 'संगीत : फिलिप फायले' असे छापायला एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

आता आपल्याविषयी, थोडे परखडपणे. मी मंडळांच्या कार्यक्रमांत पेटीची साथ करते. नाट्यगीते, भावगीते, समूहगीते, मुलांचे पोवाडे, सगळ्याला. पत्रिकेवर प्रायोजकांची नावे असतात, प्रमुख पाहुण्यांची असतात, निवेदकाचे असते, मुख्य गायकाचे तर असतेच. साथीदारांचे नाव पुष्कळदा नसते. एका मंडळाच्या पत्रिकेत 'साथसंगत' हा शब्द होता आणि त्यापुढे काहीच नव्हते. तबल्यावर बसलेले गृहस्थ तेव्हा सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर दिवसा प्रयोगशाळेत आणि शनिवार-रविवार मंडळाच्या तालमींना. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आज ते नाहीत, आणि त्यांनी बसवून दिलेली मुलांची समूहगीते अजून दर वर्षी म्हटली जातात. कोणाची चाल, कोणाचा ठेका, हे म्हणणाऱ्या मुलांना माहीत नाही. राग येण्यापेक्षा भीती वाटते ती याची, की फायलेचे जे झाले ते आपल्या डोळ्यांदेखत आपल्या माणसांचे होते आहे आणि आपण ते होऊ देतो आहोत.

आपल्या परंपरेत याहून चांगले घडलेले आहे. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवा होते, हे आजही जुने रसिक बालगंधर्वांच्या नावाबरोबरच सांगतात. कारण कोणीतरी ते आठवणीने लिहिले, कोणीतरी छापले. तेवढेच काम आपल्याला करायचे आहे.

म्हणून माझी विनंती अशी. यंदाच्या कार्यक्रमात 'प्रेसिडेंट्स मार्च' वाजवा. व्हायोलिन, पेटी आणि तबला एवढे पुरे. गाण्याची १७९८ ची छापील प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे, तिथून स्वरलिपी घेता येईल. निवेदकाने दोन मिनिटे त्याची गोष्ट सांगावी : तो कुठून आला, काय काम करत होता, कोणत्या साथीत गेला, आणि तो गेल्यावर त्याच्या चालीचे काय झाले. मराठी शाळेत वरच्या वर्गातल्या मुलांना १७९३ ची साथ आणि १७९८ चे कायदे एका तासात शिकवता येतील. फिलाडेल्फियाजवळच्या शाळांनी तर मुलांना चेस्टनट स्ट्रीटवर नेऊन ही हकीकत तिथेच उभे राहून सांगावी. आपल्या गावच्या चार जुलैच्या समितीत आपले प्रतिनिधी असतील, तर बँडच्या ध्वनिक्षेपकावरून ही धून वाजताना कर्त्याचे नाव घ्यायला सांगा. कोणी नाही म्हणणार नाही. आजवर कोणी मागितलेच नव्हते, एवढेच.

आणि आपल्या स्वतःच्या वादकांची एक वही करा. पहिल्या पिढीत इथे आलेले पेटीवाले, तबलजी, व्हायोलिनवादक, मुलांना गाणी बसवून देणाऱ्या शिक्षिका. त्यांची नावे, गावे, गुरू कोण, कोणत्या साली आले, कोणत्या चाली बांधल्या. त्यांतले बरेच जण अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे बसा, विचारा, ध्वनिमुद्रण करा, नाव कसे लिहायचे तेही त्यांनाच विचारा. फायलेचे आडनाव निरनिराळ्या कागदांत निरनिराळ्या रीतीने पडले आहे आणि त्यामुळे त्याला शोधणे अवघड झाले. ही अडचण आपल्या माणसांच्या वाट्याला येऊ देऊ नका. मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी चार पाने यासाठी राखून ठेवली तर दहा वर्षांत चांगला ग्रंथ उभा राहील. त्या कामात पडेल ते करायला मी तयार आहे.

पुढच्या बैठकीत पत्रिकेचा मसुदा समोर येईल, तेव्हा प्रायोजकांच्या यादीआधी साथीदारांची नावे लिहून घ्या, आणि त्यांच्या वर एक ओळ फिलिप फायलेसाठी ठेवा.

आपली,
फिलाडेल्फिया परिसरातली एक पेटीवादक